आगा खान पुरस्काराची फूटपट्टी आणि बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज

वास्तुकलेतला मोठा पुरस्कार म्हटलं की प्रित्झकर आठवतो. १९७९ पासून दिला जाणारा, एक लाख डॉलर आणि कांस्यपदकाचा. तो हयात वास्तुरचनाकाराला एकूण कामासाठी मिळतो. २०१८ साली तो भारतीय वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींना मिळाला. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आखणाऱ्या चार्ल्स कोरियांना कधीच मिळाला नाही.

पण घराविषयी शिकायचं असेल तर आगा खान पुरस्कार बघावा, असं माझं ठाम मत आहे. दर तीन वर्षांनी एकूण दहा लाख डॉलर, आणि तेही निवडलेल्या प्रकल्पांना वाटून. इमारत वापरात असावी लागते. अंतिम निवडीआधी तज्ज्ञ जागेवर जाऊन ती तपासतात. बक्षिसाचा वाटा मालकाला, कारागिरांनाही मिळू शकतो. इंदूरच्या अरण्य वसाहतीला हा मान १९९५ मध्ये मिळाला. तिथे दोशींनी बहुतेकांना जोतं आणि संडास-न्हाणी एवढंच दिलं. बाकीचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं.

हीच फूटपट्टी घेऊन नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत फिरा. कोरियांनी ते १९८०च्या दशकात आखलं. साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा मोकळा चौक, त्याभोवती सात घरं. असे तीन गट मिळून २१ घरं, मधे १२ बाय १२चा चौक. पुढची पायरीही अशीच, तिपटीची. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे लहान-मोठ्या उत्पन्नातला फरक जमिनीत फारसा दिसत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. म्हणून शेजाऱ्यावर अवलंबून न राहता, त्याचं घर न हलवता वाढीव बांधकाम करता येतं.

बिघडतं तेही इथेच. जुनं कौलारू घर पाडून प्लॉटच्या कडेपर्यंत आरसीसीचे दोन-तीन मजले चढवले की चौक आठ मीटरचाच राहतो, भिंती मात्र उंचावतात; ऊन कमी होतं, वारा अडतो. शेजाऱ्याकडची जी बाजू बिनखिडकीची ठेवायची, तिथे खिडकी काढली की ती थेट शेजाऱ्याच्या अंगणात उघडते, आणि मग कुंपणाची भिंत उंच होते. वाढीची मुभा आराखड्यात होती. वाढ कुठे थांबवायची, ते घरमालकांवर राहिलं.

म्हणून तिथे दर्शनी भागाचे फोटो काढत बसू नका. चौकाच्या मधोमध उभं राहा, सातही घरांच्या खिडक्या कुठल्या दिशेला उघडतात ते बघा आणि कुठल्या भिंती नंतर उंचावल्या ते ओळखा.