भूपात मालकंस शिरला तो दिवस

मी ख्याल गाते, आणि एका वेस्टर्न कॉयरबरोबर भूप रागातली बंदिश बसवायचं काम घेतलं होतं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस असे उंच आवाजापासून खर्जापर्यंत चार भाग, कंडक्टर सर एकदम तयारीचे. राग मीच निवडला. पाच स्वर, सगळे शुद्ध, म आणि नी वर्ज्य, म्हणजे लावायचेच नाहीत, म्हटलं यात हार्मनीशी (एकाच वेळी वेगवेगळे सूर लावण्याशी) भांडण व्हायला जागाच नाही.

सुरुवातीच्या अडचणी पटापट सुटल्या. माझी पट्टी, म्हणजे माझा सा, काळी चार, त्यांनी सगळं पांढरी एकमध्ये लिहिलेलं, ते परत लिहून काढलं. मग ताल. बंदिश तीनतालात, मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, उचलायचा, पण सरांनी पहिला शब्द बारच्या पहिल्या बीटवर टाकलेला, त्यामुळे अख्खा कॉयर त्या खालीच्या मात्रेवर जोर द्यायचा आणि सम (तालाची पहिली मात्रा) नुसतीच येऊन जायची. मी हातावर ताल धरून दाखवला, त्यांनी बारची रेघ आठ मात्रा पुढे सरकवली, झालं.

तिसऱ्या रिहर्सलला सर म्हणाले, "ताई, तंबोरा बंद करूया का, कॉर्ड बदलली की तो मध्ये येतो." मी हो म्हटलं. अंतऱ्यानंतर माझी आलापी होती. बेसवाल्यांनी गंधार (ग) धरला, टेनरने त्याच्यावर धैवत (ध), सोप्रानोने वरचा सा. सरांच्या हिशोबाने साधी मायनर कॉर्ड, तीन सूर एकदम. मी तार षड्जावरून निवांत सां ध प ग अशी उतरत आले आणि गंधारावर टेकले तर काहीतरी भलतंच झालं, तो गंधार वाटेचना. तो सा वाटायला लागला! अंगावर काटा आला, आणि पुढची जागा घ्यायला गेले तर माझा सा मला सापडेना. मी थांबले. इतकी वर्षं गातेय, सा हरवण्याची वेळ कधी आली नव्हती.

घरी जाऊन तंबोरा घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून सा दुसरीकडे मानायचा! भूपाचा गंधार सा मानला तर तेच पाच स्वर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी होतात, म्हणजे सरळ मालकंस राग. (धैवत सा मानला तर धानी राग, पंचम (प) मानला तर दुर्गा.) त्यात मालकंसाला पंचम नाही म्हणून तंबोरा सा-म लावतात, आणि बेसचा ग नि टेनरचा ध यांच्यात नेमकं तेच अंतर आहे. म्हणजे चांगल्या डझनभर गळ्यांनी माझ्याखाली मालकंसाचा तंबोरा छेडला होता आणि माझं सां ध प ग ऐकणाऱ्याला ध म ग सा झालं होतं. एकही स्वर रागाबाहेरचा नाही, तरी राग गेला. मला वाटतं हे काम करणारे बरेच जण इथेच फसतात, फक्त वर्ज्य स्वर टाळायचे बघतात आणि खाली बेस काय धरतोय तिकडे लक्ष नसतं. आपल्याकडे सा हलत नाही, त्यांच्याकडे बेस हलला की सगळं घर हलतं.

दुसऱ्या दिवशी सरांना हे गाऊन दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मग माझे बेसच तुमचा तंबोरा होतील. आणि खरंच केलं त्यांनी. अर्धे बेस सा, अर्धे पंचम, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारच्याचा सुटला की आपण धरायचा, त्यामुळे तो आवाज कुठेही तुटत नाही. पियानोही बंद केला. पियानोचा गंधार सा पासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप) असतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा साधारण 386 वर. आल्टोंना मी काहीच सांगितलं नव्हतं, पियानो गेल्यावर त्या आपोआप त्या खालच्या गंधारावर येऊन बसल्या. तो क्षण काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

ती मायनर कॉर्ड मात्र मी काढू दिली नाही. शेवटच्या आवर्तनांआधी मी गप्प राहते, बेस गंधारावर सरकतात, आणि कॉयर एकटा 16 मात्रा मालकंसात जातो. मग बेस परत सा वर येतात. मी तोवर डोळे मिटून थांबते, सा आला की गंधार लावते.