बोअरचे पाणी, काळी माती आणि माझी जुनी व्हीटेक

माझी होंडा सिटी व्हीटेक 2002 सालची आहे. दीड लिटरचे इंजिन, 106 अश्वशक्ती आणि टनभराच्या आसपास वजन एवढ्या भांडवलावर ही चार दारांची गाडी अशी पळते, की तिला स्पोर्ट्स कार म्हणायला मला कधी संकोच वाटला नाही. तीन वर्षांपूर्वी लातुरातच मी ती घेतली, तेव्हा तिच्यात दोन दोष होते आणि विकणाऱ्या गृहस्थांनी ते प्रामाणिकपणे सांगितलेही होते: लांब पल्ल्यावर इंजिन तापते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढच्या डाव्या चाकातून कटकट आवाज येतो. गेल्या उन्हाळ्यातले सगळे रविवार घालून मी हे दोन्ही दोष घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः दुरुस्त केले.

तापण्याचे मूळ पाण्यात होते. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड. रोज पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्येही बसत राहतो, आणि एकदा तो साचला की धातूची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत टँकरचे जे पाणी घरात येई तेच गाडीतही जाई, असे आधीच्या मालकांनी सांगितले, आणि त्यासाठी त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. चूक झाली ती त्यानंतर. गाडी तापते म्हणून एका गॅरेजमध्ये तिचा थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच, काढून टाकण्यात आली होती. हा उपाय आपल्या भागात इतका रुळला आहे की तो चुकीचा आहे हे कुणाला पटवून देणेही अवघड जाते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. थर्मोस्टॅट काढल्याने क्षार तसूभरही हलत नाही. उलट थंडीत इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते.

मी रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले, तेव्हा पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहिले. बाहेर कुठे गळती नसताना पाणीही कमी होत होते. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधली, सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरू न देणारी पट्टी, गेले होते, यात शंका उरली नाही.

हेडचे दहा बोल्ट असतात. ते सोडताना बाहेरून आत यायचे आणि एका फेरीत प्रत्येक बोल्ट फक्त एकतृतीयांश फेरा सैल करायचा. कसताना मात्र मधून बाहेर जायचे, तेही टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने. ॲल्युमिनियमचे हेड एका बाजूने घाईघाईत मोकळे केले, तर काढताकाढताच वाकू शकते. ते उतरवून स्वच्छ पुसले आणि त्यावर पोलादी सरळपट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पाती सरकवून पाहिली. 0.05 मिलिमीटरपर्यंतचा वाक होंडा चालवून घेते. तेवढ्या जाडीची पाती कर्णाच्या मधोमध अलगद आत गेली, 0.10 ची जराशी घासत गेली आणि 0.15 ची अडली. 0.2 पर्यंत फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणे, जमते, तेव्हा हेड वाचणार होते. त्या अडलेल्या पातीचा मला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

फेसिंगसाठी हेड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये नेले. "चाचा, जास्त घेऊ नका," असे मी दोनदा म्हटल्यावर तिथले वयस्क कारागीर म्हणाले, "बेटा, लागंल तेवढंच घेईन. एकदा गेलेलं ॲल्युमिनियम परत येत नसतं." त्यांनी खरोखरच तेवढेच घेतले.

जोडणीत सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन चालवणारी क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा दातेरी पट्टा. होंडाचे हे इंजिन बेल्टच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे इतर गाड्यांवर हात बसलेला माणूस सवयीने ते उलटे फिरवतो आणि बेल्टचा ताण चुकतो. बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट सैल करून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने, कॅमच्या चाकाचे तीन दाते सरकतील एवढी फिरवायची आणि मग बोल्ट कसायचा, अशी रीत आहे. बेल्ट दात्यांवरून घसरला किंवा तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून मी इंजिन पाना लावून हाताने पूर्ण फिरवले आणि खुणा तीन वेळा जुळवून पाहिल्या.

नवा थर्मोस्टॅट पुण्याच्या नाना पेठेतून मागवला होता. तो बसवण्याआधी तपासायचा होता, म्हणून आईकडे जुने पातेले मागितले. "गाडीचं ना? मग ते परत स्वयंपाकघरात आणू नको," एवढे बजावून तिने ते दिले. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगला आणि शेजारी तापमापी धरली. 78 अंशांच्या सुमारास त्याची चकती केसभर उचलली गेली आणि 90 ला पूर्ण उघडली. त्यानंतर रेडिएटर रासायनिक द्रावणाने दोनदा धुतला, आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले. बोअरचे पाणी आता या गाडीच्या जवळही येत नाही.

कटकट आवाजाचे कारण डाव्या एक्सलच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटमध्ये, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्यात, होते. त्यावरचा रबरी बूट फाटला होता आणि आपली काळी माती आत शिरली होती. ही माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचे काम करते. जॉइंटमधल्या सहा पोलादी गोळ्या डिझेलने धुऊन एकेक बोटांत फिरवल्या, तेव्हा दोन गोळ्यांवर नखाला जाणवणारे खड्डे होते, म्हणून नुसता बूट न बदलता पूर्ण जॉइंटच नवा घातला. एक्सल गियरबॉक्समधून उपसण्यापूर्वी ऑइल काढून घ्यायला विसरू नका, आणि आतल्या टोकावरची सर्क्लिप (एक्सल जागेवर अडकवणारी तारेची कडी) जुनी कधीच वापरू नका. जुनी सर्क्लिप नीट अडकली नाही तर एक्सल बाहेर सरकू शकतो. गियरबॉक्सच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर फक्त राखाडी चिखल होता, लोखंडाचे तुकडे नव्हते. गियरच्या दात्यांची चिंता तिथेच मिटली.

जाताजाता व्हीटेकच्या, म्हणजे वरच्या वेगात व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या यंत्रणेच्या, सोलेनॉइडखालची (विजेवर चालणाऱ्या झडपेखालची) गॅस्केटही काढून पाहिली. तिच्यात बसवलेली बारीक जाळी काळ्या गाळाने निम्मी बुजली होती. याच वाटेने जाणाऱ्या ऑइलच्या दाबाने वरच्या वेगात व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर एकमेकांना जोडले जातात, आणि माझी गाडी पाच हजार आरपीएमच्या पुढे इतके दिवस का मरगळत होती, ते तेव्हा कळले.

मे महिन्यातल्या एका दुपारी एसी लावून मी औशावरून तुळजापूरपर्यंत गेलो. पूर्ण वळणावरही चाकातून आवाज आला नाही. तापमानाची सुई मध्याच्या किंचित खाली जी स्थिरावली, ती घाट चढतानाही तिथेच होती. परतीच्या वाटेवर रस्ता मोकळा पाहून तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला, तर इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी पुन्हा एकदा पुढे झेपावली. आता व्हॉल्व्हची फट तपासायची आहे, इनटेकला 0.18 ते 0.22 आणि एक्झॉस्टला 0.23 ते 0.27 मिलिमीटर, ते काम इंजिन पूर्ण थंड असताना करायचे असते, म्हणून येत्या रविवारी पहाटेच शेडमध्ये जाणार आहे.