केळी पिकत नाही तिथली केळीची बँक

केळीच्या वाणांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह बेल्जियममध्ये आहे, ल्युवेन नावाच्या छोट्या शहरात. डिसेंबरात इथे दुपारी साडेचारलाच अंधारून येतं आणि उघड्या रानात केळीचं एक खोड तग धरणार नाही. तरी दीड हजारांहून जास्त वाण इथल्या विद्यापीठात सांभाळलेत. जळगाव जिल्ह्यात रावेरला घरी हे सांगितलं तेव्हा आमचे नाना फोनवर म्हणाले, "तठी केयी पिकत नाही, मंग केयीचं शिकाले तू तठी कायले गेला?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच मला आज लिहायचंय ते सगळं आहे. हा संग्रह इथे आहे तो इथे केळी पिकत नाही म्हणूनच! आपल्या खायच्या केळीला रुजणारं बी नसतं. वाण दुसऱ्या देशात न्यायचा तर कंद किंवा रोपच न्यावं लागतं आणि त्याच्यासोबत विषाणू, बुरशी, सूत्रकृमी सगळं जातं. बेल्जियममध्ये एखादं रोगट रोप आलंच, तर आजूबाजूला कुणाची बाग बुडायची भीती नाही. म्हणून 1985 पासून भारत, पापुआ न्यू गिनी, आफ्रिका, जिथून तिथून वाण इथे येतात, त्यांची विषाणूंसाठी तपासणी होते आणि जगातल्या कोणत्याही संशोधकाने मागितले की निरोगी रोपं काचनळीतून त्याच्याकडे रवाना होतात. आतापर्यंत शंभराहून जास्त देशांना ती गेली आहेत.

ही रोपं ठेवतात ती खोली मी नीट पाहिली आहे. तापमान सोळा अंश, दिवसरात्र मंद उजेड, आणि मांडण्यांवर ओळीने काचनळ्या. प्रत्येक नळीत जेलीसारख्या अन्नावर बोटभर उंचीचं रोप. थंडीमुळे ते अगदी सावकाश वाढतं, त्यामुळे पुन्हा नव्या नळीत हलवायचं काम वर्षभरात एखाद्या वेळेसच पडतं. प्रत्येक नळीवर क्रमांक. शेजारी द्रव नायट्रोजनच्या टाक्या आहेत, त्यांत उणे 196 अंशांवर वाणांच्या वाढकोंबाचे बारीक तुकडे ठेवलेत. झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर पसरते. ज्या पिकावर आमच्या घराची तीन पिढ्यांची रोजीरोटी चालली, ते असं नळीत उभं पाहताना मला भरून आलं होतं.

विद्यापीठ आंतरराष्ट्रीय होतं म्हणजे काय, हे मला त्या मांडण्यांपुढे कळलं. देशाने एक जागतिक काम अंगावर घेतलं, ते नेकीने केलं, आणि मग त्या कामापाठोपाठ जग आपल्या पायांनी आलं. आमच्या प्रयोगशाळेत युगांडाची मुलगी आहे, व्हिएतनामचा एक जण आहे, मी आहे. आम्हाला जाहिरात करून बोलवावं लागलं नाही. केळीवर काम करायचं तर इथे यावंच लागतं.

त्यामागे पैसा आणि नियम आहेत, तेही सांगतो. युरोपियन युनियनचा होरायझन युरोप हा संशोधन कार्यक्रम 2021 ते 2027 साठी सुमारे 93.5 अब्ज युरोंचा आहे. त्यातल्या मारी क्युरी शिष्यवृत्तीची अट मला फार आवडते. ज्या देशात काम करायचं, तिथे तुम्ही आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. म्हणजे जर्मन पोराला जर्मनी सोडावीच लागते आणि भारतातला, ब्राझीलचा, कुणीही अर्ज करू शकतो. युरोपियन रिसर्च कौन्सिलही 2007 पासून राष्ट्रीयत्व न बघता पैसा देते, काम मात्र युरोपात करायचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. त्याच विभागात बीएस्सी, तिथेच एमएस्सी, तिथेच पीएचडी आणि नशीब असेल तर तिथेच नोकरी. याने विभाग आतून आटत जातो.

आणि भाषा? जगाला दार उघडायचं म्हणजे घरची भाषा सोडायची, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. ल्युवेनचं विद्यापीठ 1425 सालचं. 1968 मध्ये इथे भाषेवरून इतकं रण पेटलं की सरकार पडलं आणि विद्यापीठाचे दोन भाग झाले. फ्रेंच भाग दुसरीकडे नवं गाव वसवून गेला. आजही पदवीचं बहुतेक शिक्षण डच भाषेतच होतं, इंग्रजी अभ्यासक्रमांवर कायद्याने मर्यादा आहे आणि बाहेरून आलेल्या कायम प्राध्यापकांना डच शिकावी लागते. प्रयोगशाळेत मात्र इंग्रजी. दोन्ही सुखाने नांदतं. मराठीतून शिकवणाऱ्या आपल्या कॉलेजांनी हे जरूर बघावं.

भारतात सध्या चर्चा आहे ती परदेशी विद्यापीठांच्या शाखांची. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने वाट मोकळी केली, 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम आले, इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाची शाखा गुरुग्रामला 2025 मध्ये सुरू झाली. येऊ द्या, माझा विरोध नाही. पण शाखा येते ती आधी पदव्या द्यायला. संशोधनाचा पसारा मायदेशातच राहतो. संशोधनावर आपण देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही, बेल्जियम तीन टक्क्यांहून जास्त करतं. ही दरी शाखांनी भरणार नाही.

आता खान्देशाकडे बघा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या बागा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन सोसतात आणि त्याच बागांना डिसेंबर-जानेवारीत थंडीचा चरका बसतो. एकाच वर्षात दोन्ही टोकं सोसणारी केळी असलेले मुलूख जगात थोडेच. तापमान वाढत चाललंय तेव्हा युगांडालाही आणि व्हिएतनामलाही कळून घ्यायचंय की केळी अशा उन्हात नेमकं काय करते. त्याची प्रयोगशाळा आपल्या बांधावर आयती उभी आहे. शिवाय हरण्या हा केळीचा विषाणूजन्य रोग आहे. मावा तो पसरवतो, पावसाळी ढगाळ हवेत लहान रोपांवर तो झपाट्याने येतो, आणि रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी उभी रोपं उपटून बांधावर फेकलेली मी पाहिली आहेत. बागाच्या बागा एकाच ग्रँड नैन वाणाच्या. जुनी बसराई आता शोधावी लागते. पनामा या केळी सुकवणाऱ्या बुरशीजन्य रोगाची नवी जात बिहार-उत्तर प्रदेशात शिरली आहे. ती उद्या जळगावच्या बागांत उतरली तर सगळ्या बागांना धोका सारखाच आहे.

गिरणाकाठच्या टेकडीवर आपलं विद्यापीठ 1990 पासून उभं आहे, आता बहिणाबाईंच्या नावाने. तिथे केळीच्या उष्णतेवर आणि हरण्यावर काम करणारं एक केंद्र असावं, आणि त्यात परदेशी संशोधकाला दोन वर्षं राहता येईल असं स्वच्छ घर, वेळेवर पगार आणि व्हिसाची कागदपत्रं हाताळणारा एक जाणता माणूस असावा. इथे मी आलो तेव्हा नगरपालिकेतली नोंदणी, विमा, खोली या सगळ्यासाठी विद्यापीठात एकच खिडकी होती आणि तिथल्या बाईंनी माझं सगळं काम एका सकाळी उरकलं. सहाशे वर्षांच्या पुण्याईपेक्षा ती खिडकी मला जास्त उपयोगी पडली. तेवढी तर जळगावला सहज होईल.

हे वाचणारे कुणी एमएस्सी, एमटेक करत असतील त्यांच्यासाठी: मारी क्युरीच्या डॉक्टरेट जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर लागतात. अर्ज करायला फी नाही, पीएचडी झालेली नसली पाहिजे, आणि निवड झाली तर शिष्यवृत्तीऐवजी नोकरीचा करार मिळतो, विम्यासकट. अर्जात आपल्या मातीतलं काम ठळकपणे लिहा, ठिबकवरचं, कांदेबागेतलं (म्हणजे केळीच्या हिवाळ्याआधीच्या लागवडीतलं), करप्यावरचं. प्रस्तावाचा मसुदा मला पाठवा, मी वाचून सुचवेन.