आमची वाटचाल: आठवडा सभासदाचा, पाहुणा आमचा

दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच सुमारास बाबांनी न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या सुरू केल्या. लोक खेडला उतरून यायचे, ओसरीवर रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायचे आणि जाताना आईकडून आमसुलं, कुळथाचं पीठ घेऊन जायचे. घर चालायचं ते वाडीवर. खोल्यांचे पैसे वरखर्चाला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं आणि आमच्या तालुक्यालाही झोडपून गेलं. पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या, माड उन्मळले, हापूसच्या जुन्या कलमांचे बुंधे फाटले. बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको की पोफळ लावली की पाच-सहा वर्षं नुसतं शिंपण करत राहायचं, माडाचंही तेच, आणि कलमाला भरवशाचं उत्पन्न यायला त्याहून जास्त काळ. मधली वर्षं कशावर काढायची? त्यातून आम्ही टाइमशेअरकडे वळलो, म्हणजे घरात दरवर्षी एक ठरावीक आठवडा राहण्याचा हक्क काही वर्षांसाठी विकायचा.

कल्पना जुनी आहे. युरोपात ती १९६० च्या दशकात रुजली. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ पासून आणि क्लब महिंद्रा १९९६ पासून, अशा मोठ्या कंपन्या याच क्षेत्रात आहेत. आमचा व्याप त्यांच्यापुढे अगदी छोटा. वाडीच्या मागच्या अंगाला, सीआरझेडची (किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) हद्द सोडून, चार घरं बांधली आणि त्यांचे आठवडे दहा वर्षांच्या कराराने दिले. जमीन आमचीच, सभासदाला ठरलेल्या आठवड्यात राहण्याचा हक्क. सुरुवातीला एकरकमी पैसे, पुढे दरवर्षी देखभाल खर्च. गौरी-गणपतीचे दिवस विकले नाहीत, कारण तेव्हा स्वयंपाकाच्या मावश्या आपापल्या घरी असतात आणि आमच्याही घरी गणपती असतो. बहुतेक सभासद बाबांच्या काळापासून येणारी पुण्या-मुंबईची कुटुंबं. त्यांच्या पैशावर वाडी पुन्हा उभी राहिली. हे मी कुठेही आणि कितीही वेळा सांगेन.

म्हणून सभासदांसाठी आम्ही मनापासून काही गोष्टी ठेवल्या. जेवणाचं ताट कमी दरात. रात्रीचा प्रवास करून सकाळी लवकर पोहोचलात तर घर तयार. जादा गादीचे पैसे नाहीत. आठवड्याला जोडून आणखी रात्री राहायचं तर सवलत. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत घर रिकामं असेल तर पहिली विचारणा सभासदाला. आणि एप्रिल-मेमध्ये वाडीच्या भावात हापूसची एक पेटी.

काही वर्षांत सभासदांच्या घरची परिस्थिती बदलत गेली. कोणाची मुलं परदेशी गेली, कोणाचे गुडघे दुखू लागले, कोणाला शाळेच्या सुट्टीशी आठवडा जुळेना. ते आपला आठवडा भाड्याने देऊ लागले. करारात त्याला मनाई नाही, आणि ती असूही नये असं माझं मत आहे. ज्याने वर्षभराचा देखभाल खर्च भरलाय त्याचा आठवडा वाया का जावा?

असाच आठवडा भाड्याने घेऊन एक निवृत्त शिक्षक जोडपं नातीसह आलं. पहिल्याच दुपारी मावशींनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "दादा, ह्यांचं ताट कुठल्या दराने लावू?" शेजारच्या घरातले सभासद त्याच पडवीत जेवायला बसलेले. तीच सोलकढी, तीच ओल्या काजूची उसळ, एकाच चुलीवरची. मी म्हटलं, सगळ्यांना एकाच दराने.

ही गोष्ट सभासदांच्या ग्रुपवर पोहोचली आणि पुढच्या बैठकीत विषय चांगलाच तापला. एक काका म्हणाले, "वादळानंतर पैसे आम्ही घातले. उद्या कोणीही चार दिवसांचं भाडं भरून आमच्या बरोबरीने बसणार का?" त्यावर एक ताई म्हणाल्या, "आठवडा माझा आहे. मी आले काय किंवा माझ्या जागी दुसरं कोणी आलं काय, तुमचा खर्च तोच. मग पाहुण्याला कमी का?" दोघंही मनापासून बोलत होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं.

अमेरिकेत डिस्नेच्या व्हेकेशन क्लबमध्ये सभासदाचे पॉइंट (तिथे राहण्याचा हक्क आठवड्यांऐवजी पॉइंटांत मोजतात) भाड्याने घेऊन राहणाऱ्याला खोली मिळते, त्या रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव मिळतो, पण सभासदत्वाच्या सवलती मिळत नाहीत. २०१६ पासून तर जुन्या सभासदाकडून हक्क विकत घेणाऱ्या नव्या मालकालाही त्यातल्या बऱ्याच सवलती बंद केल्या. त्यामागचा हिशेब मला कळतो. सवलतीचा खर्च कोणाच्या तरी खिशातून जातोच.

मग मीही प्रत्येक सवलतीचा खर्च मांडून बघितला. ताट, गादी, सकाळी लवकर घर उघडणं हा राहण्याचाच भाग. सभासद स्वतः आला असता तर तो खर्च आम्ही केलाच असता, भाडेकरू आल्याने त्यात वाढ होत नाही. पेटीचं तसं नाही. हापूस एक वर्ष भरून येतो, दुसऱ्या वर्षी हात आखडतो, त्यात वादळाने कलमं कमी केलेली. भाडेकरूला पेटी दिली तर ती दुसऱ्या एखाद्या सभासदाच्या वाट्यातून जाते. नाताळच्या पहिल्या विचारणेचंही तसंच. घरं चारच आहेत.

म्हणून नियम लिहून काढला. राहण्याशी जोडलेलं जे काही आहे ते त्या घरात झोपणाऱ्याला मिळणार, मग तो सभासद असो, त्याचा भाचा असो की भाडेकरू. आंब्याची पेटी, सुट्टीतली पहिली विचारणा आणि जादा रात्रींची सवलत सभासदाकडे राहणार, आणि यातलं काहीही दुसऱ्याला देता येणार नाही. भाड्याने देणार असाल तर येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं आठ दिवस आधी कळवायची, कारण नोंदवहीची जबाबदारी आमची आहे.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. एका सभासदाने एकाहून अधिक आठवडे घेतले होते आणि स्वतः ते कधीच राहत नव्हते. सुट्टीत पहिल्या विचारणेवर मिळालेलं घर चढ्या भावाने पुढे द्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. दुसरा एखादा सभासद मुंबईहून नातवंडं घेऊन यायला तयार असताना ते घर व्यापारासाठी जावं, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. सुट्टीत मागून घेतलेलं घर भाड्याने देता येणार नाही, एवढं एक कलम वाढवलं. ते नाराज झाले, अजूनही आहेत. त्यांचे करारातले आठवडे ते पूर्वीसारखेच भाड्याने देतात आणि त्यांच्या भाडेकरूंना आमच्याकडे इतरांसारखंच ताट मिळतं.

पावसाळ्याचा विचार मात्र स्वतंत्र करावा लागला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, सुवर्णदुर्गाची होडी बंद, समुद्र खवळलेला. सभासदांचे जुलैचे आठवडे एरवी रिकामे जायचे आणि मावश्यांनाही काम नसायचं. आता त्या दिवसांत भातलावणी बघायला, ओल्या वाडीतून हिंडायला येतात ते बहुतेक भाडेकरूच. ते आले की मावश्यांची चूल पेटते. म्हणून जून ते ऑगस्ट जादा रात्रींची सवलत भाडेकरूलाही लागू केली. बैठकीत हे सर्वात आधी त्या काकांनीच उचलून धरलं, आणि त्यांचा स्वतःचा आठवडा जुलैतला आहे.