रिपोज की एग्रीएबल: जांभळ्याचा गुन्हेगार सापडला

भिंतींसाठी रिपोज ग्रे आणि एग्रीएबल ग्रे या दोन करड्या शेडमधून एक निवडायची आहे. मागच्या वेळी रिपोज ग्रे बाद म्हणून जाहीर केला होता, तो निकाल स्थगित! सकाळी खिडकीजवळ तो चक्क जांभळट दिसायचा आणि शेजारचा एग्रीएबल ग्रे मात्र शहाण्यासारखा करड्या-बेजच्या मधोमध. शेरविन-विल्यम्स या रंगकंपनीच्या तक्त्यात दोघांचे एलआरव्ही (शेड किती उजेड परावर्तित करते त्याचा आकडा) ५८ आणि ६०. एवढ्याशा फरकानं कुणी जांभळं होत नाही.

पहिला संशय उत्तरेच्या उजेडावर. तो निळसर असतो, थोडा वाटा त्याचा आहेच. मग दिवे धरले. २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडात दोन्ही शेड जुळी भावंडं, ४००० च्या पांढऱ्या उजेडात पुन्हा फारकत. सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९० च्या वरचा दिवा आणला, तरी जांभळी झाक जागची हलेना. अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी नमुन्याचा पुठ्ठा भिंतीवरून काढून पांढऱ्या कागदावर ठेवला, आणि जांभळा जवळपास गायब! परत भिंतीवर नेला, परत हजर. म्हणजे सगळी करामत भिंतीवरच्या जुन्या पिवळ्याची. पिवळ्याच्या वेढ्यात फिका करडा त्याच्या विरोधी रंगाकडे, जांभळ्याकडे, झुकलेला दिसतो. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हे १८३९ मध्येच छापलंय. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता.

आता प्रत्येक पुठ्ठ्याला चारी बाजूंनी रुंद पांढरी कड. रोलर बारीक लवेच्या मायक्रोफायबरचाच. स्पंजाचा बुडबुडे सोडतो, मला तो फुकटातही नको. या खेपेचे कोट इतके सपाट बसलेत की पुठ्ठे उगाच तिरपे धरून बघत बसले होते. आणि दोन्ही नमुने मॅटमध्येच घ्या, एक मॅट आणि एक किंचित चमकणारा सॅटिन असेल तर तुलनेला अर्थ नाही.

तर बेत असा: आधी सगळ्या भिंतींना पांढरा प्रायमर, निवड त्यानंतर. पांढऱ्यावर रिपोज जास्त आवडतोय, छताशी त्याची कड स्वच्छ उठते.

थांबा, लिहिता लिहिता सुचलं. खिडकीची भिंत उजेडाकडे पाठ करून असते, म्हणून तीच सगळ्यात काळवंडते. तिथे एग्रीएबल आणि समोर रिपोज लावला तर? एलआरव्हीतला दोन अंकांचा फरक कोपऱ्यात कळेल का? प्रायमर वाळला की दोन पुठ्ठे त्याच कोपऱ्यात काटकोनात लावते. असं कुणी केलं असेल तर फोटो टाका.