मधले गाळे आधी

पूर म्हटलं की लोकांना धरणाचे दरवाजे दिसतात. माझ्यासारख्या शाखा अभियंत्याच्या वाट्याला बर्गे येतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दोन खांबांमधल्या गाळ्यात खाचा असतात, त्यांत एकावर एक आडव्या बसवायच्या फळ्या म्हणजे बर्गे. पूर्वी लाकडी असत, दोन रांगा लावून मध्ये माती ठासायची. आता बहुतेक लोखंडी, म्हणून काढून ठेवले की भंगारवाल्यांचा डोळा त्यांच्यावर. पावसाळा सरला की घालायचे, पुढचा पावसाळा लागायच्या आत काढायचे.

त्या वर्षी नदीनं मे महिन्यातच गाठलं. बंधारा दूधगंगेवरचा, एक काठ महाराष्ट्रात, दुसरा कर्नाटकात. वरच्या काळम्मावाडी धरणातून विसर्ग नव्हता, पाणी सगळं ओढ्यांचं. त्यामुळे आमच्याकडून एकही इशारा निघाला नाही, कारण आमचे इशारे धरणाच्या विसर्गावर निघतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर दोन्ही राज्यांच्या बैठका झाल्या, कोयना-अलमट्टी धरणांचे आकडे इकडून तिकडे जायला लागले, ते चांगलंच झालं. पण सीमेवरच्या बंधाऱ्याचे बर्गे कुणी, कधी आणि कुठल्या बाजूनं काढायचे, हे मला आजवर कुठल्याही कागदावर दिसलेलं नाही.

सकाळी पोचलो तेव्हा पाणी वरच्या बर्ग्याला टेकलं होतं. एकदा ते वरून वाहायला लागलं की बर्ग्याला हात लावता येत नाही. मग झाडं, जलपर्णी येऊन अडकते, पाण्याला वाट उरत नाही आणि नदी बंधाऱ्याला बगल देऊन काठ कापत निघते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळेतलं पोरही सांगेल. अमुक इतके बंधारे पाण्याखाली, ही बातमीही रोज येते. बर्गे आधी निघाले होते का, हे एकही पत्रकार विचारत नाही.

दोन्ही काठांवर माणसं जमली होती. काढायचे यावर एकमत होतं, भांडण होतं ते आधी कुठले काढायचे यावर. ज्या बाजूचा गाळा उघडेल, त्या काठाला धार मारणार. आमचे म्हणत होते पलीकडून सुरू करा, पलीकडचे म्हणत होते अलीकडून. दोघांचंही खरं होतं. मधले गाळे आधी आणि मग दोन्ही बाजूंना एकाआड एक, हा त्यावरचा धडा मला पदविकेत कुणी शिकवला नव्हता. तो बंधाऱ्यावरच्या पलीकडच्या म्हाताऱ्या मुकादमांना माहीत होता. त्यांना सगळे मामा म्हणत. पण मधल्या गाळ्याला पाण्याचा दाब भयंकर. आमची चेन-पुली गंजलेली, नवीन मागितलेली, मंजुरी नेहमीप्रमाणे वाटेत. मामांनी त्यांच्या गावातली गॅरेजवाल्याची पुली आणली.

तेवढ्यात खालच्या गावाचा फोन. "सायेब, मोटारी काढू द्या की. दोन तास थांबा." नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी म्हणजे शेतकऱ्याचा जीव, पण दोन तासांत पाणी बर्ग्यावरून गेलं असतं. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्याशी आधी कानडीत, मग मराठीत बोलले. ठरलं असं, की एक गाळा उघडायचा, तोही निम्मा, आणि खालून फोन आला की पुढचा. वरच्या गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन खाली मोटारी ओढायला गेली. त्यात दोन्ही राज्यांची पोरं होती.

बर्गा खाचेत तिरका झाला की अडकतो. दोन्ही टोकांच्या कड्यांना आकडे घालून दोन्हीकडून सारखं ओढावं लागतं आणि पाणी त्याला सारखं एका बाजूला दाबतं. मधल्या एका गाळ्यात तसंच झालं. पलीकडचा एक पोरगा कमरेला दोर बांधून खांबावरून खाली उतरला आणि पहार घालून त्यानं बर्गा सरळ केला. मी नको म्हणालो होतो. मामा हो म्हणाले होते.

संध्याकाळपर्यंत बहुतेक गाळे मोकळे झाले. अगदी काठालगतचे राहिले, ते पुढं पाण्याखाली गेले. काठ दोन्हीकडचे शाबूत राहिले. खाली दोन-चार मोटारी बुडाल्या, त्यांचे मालक अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

अहवालात मी लिहिलं, 'पलीकडील गावच्या ग्रामस्थांच्या सहकार्याने'. वरिष्ठांनी ते शब्द खोडले. मला राग आला. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो पोरगा वाहून गेला असता तर कुठल्या राज्यात गुन्हा दाखल झाला असता? आणि कुणावर?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, अजूनही येत नाही. त्या पोराला कुणी पगार देत नव्हतं, त्याचा विमा नव्हता, माझ्या हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. पण तो उतरला नसता तर पाणी कुठल्या काठावरून गेलं असतं, हे वरिष्ठांनी विचारलं नाही.

मामा आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला मी यंदा एप्रिलमध्येच भेटलो. क्रम सांगितला, त्यानं वहीत उतरवून घेतला. म्हणाला, वरून लेखी आलं की तसंच करू. मी आमच्याकडून पत्र पाठवायचा प्रस्ताव दिलाय. तो अजून टेबलावर आहे.