मंगळवेढ्याची भिंत

तिऱ्ह्याला सीनेचा पूल ओलांडला तेव्हाच माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. सोलापूर सोडून जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर झाले असतील. पिशवीत बायकोचा औषधांचा डबा होता. गाज, चिकटपट्टी, मलमाची ट्यूब, बोथट कात्री. तीस वर्षं नर्स असलेल्या बाईचा डबा पाठीवर, आणि फोडाचं करायचं काय ते मला ठाऊक नाही.

तिला ठाऊक होतं. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी तुळजापूर रस्त्यानं सोलापुरात येते, मुक्काम करते, मग तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत पंढरपूरला जाते. पालखी शहरात असली की ही ड्यूटी संपवून परस्पर मांडवात जायची आणि रात्री उशिरापर्यंत वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करत बसायची. हिच्या गळ्यात क्रूस, समोरच्यांच्या गळ्यात तुळशीमाळ. कुणी कधी काही विचारलं नाही. "रिटायर झाले की ह्यांच्या मागनं पंढरपूरपर्यंत जाणार बघा," म्हणायची. "देवळात नाही गेले तरी रस्ता काय, सगळ्यांचाच की."

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, ती गेली. रिटायरमेंटला सात महिने राहिले होते. दफनाला आम्ही सहा जण. पाळकसाहेबांनी मास्कमधून प्रार्थना केली, ती मला नीट ऐकूही आली नाही.

नंतर फोन आले. प्रार्थना सभेतल्या एका बहिणीनं सांगितलं, विश्वास थोडा कमी पडला हो, नाहीतर प्रभूनं उठवलं असतं. तिच्याच सासूच्या उशाशी आमच्या हिनं रात्री जागून काढल्या होत्या. दुसऱ्या एका भावानं म्हटलं, देव सार्वभौम आहे, त्याची काहीतरी योजना असेल. पहिल्या वाक्याचा राग आला, पण तो महिनाभरात उतरला. दुसरं वाक्य आत रुतून बसलं, कारण ते मी स्वतः कितीतरी घरांत जाऊन बोललो आहे. शाळेत मास्तर, चर्चमध्ये वडील, म्हणजे मंडळीतला एल्डर. दुःखाच्या घरी काय बोलायचं ते मला पाठच होतं. ऐकणाऱ्याच्या बाजूला बसल्यावर ते कसं लागतं, हे मात्र पहिल्यांदा कळलं.

२०२२ ला वारी पुन्हा सुरू झाली. शेजारचे अण्णा, यंत्रमागावर जन्म काढलेले, वर्षानुवर्षं वारीला जाणारे, दारात येऊन म्हणाले, "मास्तर, वहिनींचं राहिलंय. चला." पाळकसाहेबांना सांगितलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "वारीला? तुम्ही?" आणि बऱ्याच वेळानं, "पाय जपा." रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मी काही त्या पुलावरून परत निघालो नव्हतो. पण पूल बघायला कुणाची हरकत असावी?

शिवाय पायी यात्रा आपल्या शास्त्रात नाही असं थोडंच आहे. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही स्तोत्रं यरुशलेमच्या सणाला पायी जाणाऱ्यांची मानतात. अण्णांच्या दिंडीत हरिपाठ चालायचा तेव्हा मी मनात एकशेएकविसावं म्हणत होतो. डोंगरांकडे डोळे लावतो, साहाय्य कुठून येईल, असं त्यात आहे. आमच्या रस्त्यावर डोंगरच नाही. उजवीकडे ऊस, डावीकडे ऊस, मध्ये डांबर, आणि वर ढग नुसते येऊन जाणारे.

कामतीच्या मुक्कामाला मी बूट काढले आणि परत घालायची हिंमत होईना. पालखीच्या मागून स्वतंत्र चालणाऱ्या वऱ्हाडातल्या काही बायका शेजारच्या ओट्यावर टेकल्या होत्या. त्यांतली एक सत्तरीची आजी माझ्या पायांकडे बघत उठली, पोलक्याला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला.

"पाय इकडे कर."

"आजी, दोरा आत ठेवायचा नसतो, जंतू जातात," मी म्हणालो. हे माझं ज्ञान नव्हतं. मांडवात बायको वारकऱ्यांना नेमकं हेच रागावून सांगायची.

"कोन म्हन्ते?"

"माझी बायको. नर्स होती."

"मंग तिले आनाचं होतं संग," असं म्हणत तिनं सुई फोडाच्या आरपार घातलीसुद्धा. दोऱ्याची दोन टोकं बाहेर ठेवली. पाणी निथरायला लागलं आणि ठणका उतरला. बायकोची बाजू घेऊन भांडायची ती वेळ नव्हती.

मग बोलणं निघालं. तिचा थोरला मुलगा त्याच लाटेत गेला होता, माझ्या बायकोच्या आधी आठ दिवस. मागं सून आणि दोन नातवंडं. हे सगळं ती बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "आजी, इतक्या वर्षांची वारी तुमची. विठोबाला विचारलं नाही, असं का केलंस म्हणून?"

तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "त्याले काय इचारू? थो काय माह्या बापाचा गडी हाय?"

आणि लगेच तिला तिच्या चपलेची आठवण झाली. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि कामतीत चांभार कुठं मिळेल ही तिची त्या संध्याकाळची खरी काळजी होती.

मला हसू आलं, मग घशात काहीतरी आलं. बायबलातल्या इयोबाच्या पुस्तकात माणूस देवाला कितीतरी अध्याय जाब विचारतो आणि देव वावटळीतून बोलतो ते काय बोलतो? मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? इयोबाची गुरंढोरं, मुलंबाळं का गेली याचं कारण देव त्याला शेवटपर्यंत सांगत नाही. वाचणाऱ्याला पहिल्या अध्यायातच कळतं, इयोबाला नाही. यावर मी संडे स्कूलमध्ये धडे घेतले आहेत, पण ही गोष्ट कधी अंगावर आली नव्हती.

बेगमपूरचा भीमेचा पूल ओलांडून माचणूरला पोचलो. औरंगजेबाचा तळ १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं इथं, शेजारच्या ब्रह्मपुरीला होता. आलमगीर, जग जिंकणारा. त्याच्या पडक्या तटाच्या सावलीला बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

मंगळवेढ्याच्या वाटेवर मात्र मी गप्प झालो. आमचे पणजोबा त्याच भागातले, महारवाड्यातले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ते ह्याच रस्त्यानं उलट दिशेला, मंगळवेढ्याकडून सोलापूरला, चालत आले. देवासाठी नाही, भाकरीसाठी. मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडली म्हणतात, पण ते कधीचे गेले होते. पणजोबांना सोलापुरात मिशनचे लोक भेटले आणि पुढं बाप्तिस्मा झाला. 'पोटासाठी बाटलेले' हे आमच्या तीन पिढ्यांनी ऐकलं. खरंच आहे ते, पोटासाठीच आले. देवानं त्यांना कुठल्या दारानं आत घ्यावं, हे टोमणे मारणाऱ्यांनी ठरवायचं नव्हतं, एवढंच.

त्या रात्री कीर्तन चोखोबांवर होतं. मंगळवेढ्यात दुसरं काय असणार? गावकुसाच्या बांधकामाला वेठीला धरलेले मजूर, आणि एके दिवशी, इ. स. १३३८ चा सुमार सांगतात, ते कूस कोसळलं. चोखोबा खाली गाडले गेले. नामदेव आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती वेचून पंढरपूरला नेली. पखवाज थांबला तरी माझं डोकं त्या भिंतीपाशीच अडकलं होतं. त्या ढिगाऱ्यात आणखी किती होते? त्यांची हाडं कुणी वेचली? आणि ज्याच्या ओठी अखंड नाम, त्याच्यावर भिंत पडते, तर विश्वास कुणाचा कमी पडला म्हणायचा?

मोबाइलवर लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं काय, असं येशू विचारतो, आणि स्वतःच नाही म्हणतो. एवढं मला पाठ होतं. त्या रात्री लक्षात आलं की मग बुरूज का पडला, हे तोही सांगत नाही. विचारणाऱ्यांकडे वळून म्हणतो, तुमचं काय? तुम्ही पश्चात्ताप करा.

देव सार्वभौम आहे म्हणजे त्याच्या कपाटात एक फाइल आहे, तीत बायकोच्या मरणाचं कारण लिहिलंय आणि चांगला विश्वासू असेन तर मला ती कधीतरी दाखवतील, अशी माझी वर्षभराची समजूत होती. फाइल असेलही. ती न दाखवण्याचा अधिकारही त्याचाच. मी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हटलं, प्रभू, मी कारण मागायचं सोडतो. तुला सोडत नाही. झोप लागली नाही. शेजारी अण्णा घोरत होते आणि डास भयंकर होते.

पंढरपूरला अण्णा आणि आजी दर्शनाच्या बारीला लागले. मी महाद्वारात, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथं आजीचं गाठोडं आणि शिवून घेतलेल्या चपला सांभाळत बसलो. ह्या माणसाला आत जाता आलं नाही. त्याच्या लोकांसाठी दार उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. माझ्या पणजोबांना कुणी आत घेतलं नसतं. मला घेतलं असतं, पण माझा प्रभू माझ्याबरोबर बाहेरच बसला होता. बायको असती तर एव्हाना तिनं तिथंच डबा उघडून दुकान मांडलं असतं.

एकादशीची वाट न बघता मी एसटीनं परत आलो. पाच दिवसांचा रस्ता, दोन तासांत. घरी पोचलो तर नेमका पाण्याचा दिवस होऊन गेला होता, पण अण्णांच्या सुनेनं आमची पिंपं भरून ठेवली होती. बादलीभर पाणी गरम केलं, पाय बुडवून बसलो, मग आजीचा दोरा ओढून काढला. फोड सुकला होता. डब्यातली मलमाची ट्यूब उघडली तर एक्स्पायरी मार्च २०२२ ची. तरी लावलं.